मु. पो. बुरशी, ता. सोयगाव

फर्दापूरचा टी-पॉइंट आला की जळगाव गाडीतली अर्धी पब्लिक उतरते. गॉगल, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सेल्फी स्टिक. सगळी वरात अजिंठ्याच्या लेण्यांकडे. खासगी गाड्यांना इथून पुढे बंदी असल्याने शेवटचे चार किलोमीटर सगळ्यांनाच तिथल्या बसने जावं लागतं. मीही इथेच उतरते. रंगीत स्फटिकांचे दगड विकणारी पोरं धावत येतात, ‘मॅडम, क्रिस्टल, चीप रेट’, आणि माझ्या हातातला थर्माकोलचा डबा बघून थबकतात. मग मी रस्ता ओलांडून सोयगावच्या काळी-पिवळीत बसते.

पहिल्या वेळी ड्रायव्हरभाऊंनी डब्याकडे बघून विचारलं होतं, “मासे का, मॅडम?”

“नाही. बुरशी.”

“कशावरची?”

“सगळ्यावरची.”

त्यांनी शांतपणे आपला जेवणाचा डबा उचलला आणि डॅशबोर्डच्या पलीकडच्या टोकाला ठेवला.

तर मंडळी, मी पीएचडी करते. बुरशीवर. पाचवं वर्ष चालू आहे. माझ्या बॅचची अर्धी मुलं हिंजवडीत आहेत, दोघी ऑनसाइट जाऊन तिथेच सेटल झाल्या, एकाने दुसरा फ्लॅट बुक केला. गेट-टुगेदरला सगळे आपापल्या अप्रेझलबद्दल बोलून झाले की कुणीतरी माझ्याकडे वळून दयाळूपणे विचारतं, “आणि तुझी बुरशी काय म्हणते?” पुढचे प्रश्नही ठरलेले. ब्रेडवरची का? मशरूम म्हणजे तीच का? मे 2021 मध्ये, मी नुकतीच अॅडमिशन घेतली असताना, ‘काळी बुरशी’ महाराष्ट्रभर पसरली तेव्हा तर दूरच्या नातेवाइकांचेही फोन यायचे, जणू मी ती पाळूनच ठेवली होती. (ती बुरशी काळी नसते हो. तिच्यामुळे मेलेला शरीराचा भाग काळा पडतो. तिची भावंडं आपल्याच घरात शिळ्या पोळीवर उगवतात.) आणि 2023 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ ही सिरीज आल्यापासून झॉम्बीबद्दल विचारतात. निदान तो प्रश्न कूल तरी आहे.

खरं सांगायचं तर बुरशी ही वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही. रॉबर्ट व्हिटेकर या शास्त्रज्ञाने 1969 मध्ये तिला सजीवांमध्ये स्वतंत्र खातं काढून दिलं. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं तेच. त्यामुळे नातं लावायचंच तर ती पालकाच्या जुडीपेक्षा तुमच्या-माझ्या जास्त जवळची. नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत, आणि एकूण असाव्यात 22 ते 38 लाख असा 2017 मधला अंदाज आहे. थोडक्यात, या क्षेत्रात व्हेकन्सी भरपूर आहेत. पगाराचं तेवढं विचारू नका. फेलोशिप येते तेव्हा एकदम येते आणि येत नाही तेव्हा चार-चार महिने येत नाही. पाचव्या वर्षानंतर तर तोही प्रश्न मिटणार.

जिल्हा इकडचा, बाजार तिकडचा

सोयगाव कुठे आहे? छत्रपती संभाजीनगरच्या लोकांनाही हे पटकन सांगता येत नाही. जिल्ह्याच्या नकाशात वरच्या कडेला, अजिंठ्याचा डोंगर उतरून पलीकडे गेलं की. कागदोपत्री मराठवाडा, पण घाटाखाली असल्यामुळे ओढा सगळा खानदेशाकडे. खरेदी शेंदुर्णी, पाचोरा नाहीतर जळगाव. बोलणंही घाटाबरोबर उतरतं. सिल्लोडपर्यंत ‘काय करायलीस’ असतं, इथे ‘काय करून राहिली’ होतं. ताटात कळण्याची भाकरी, भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा.

आणि एक गंमत ऐका. ज्या लेण्यांसाठी जपानहून माणसं येतात ती लेणी सोयगाव तालुक्यात आहेत. लेणापूर नावाच्या गावाच्या हद्दीत. पण नाव मिळालं ते घाटावरच्या अजिंठा गावाचं, आणि ते गाव पडतं सिल्लोड तालुक्यात! आमच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, ही गोष्ट अजून लागते. “लेणी आमची, बोर्डावर नाव त्यांचं,” असं ते शेतीच्या बांधाबद्दल बोलावं तसं बोलतात.

गावापासून चार-पाच किलोमीटरवर वेताळवाडीचा किल्ला आहे. पायथ्याला धरण, बाजूने हळद्याचा घाट वर चढतो, आणि पावसाळ्यात तो सगळा डोंगर इतका हिरवा होतो की मोबाइलवर फोटो टाकला तर लोक विचारतात, ‘कोकण का?’ दरवाज्यावरची शरभशिल्पं आणि शाबूत तटबंदी बघून ट्रेकर खूश होतात. जवळच रुद्रेश्वरची लेणी आहेत, तिथला धबधबा जोरात असला की आवाजाने बोलणं ऐकू येत नाही. डोंगराच्या माथ्यावर जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणी आहेत, वाकाटकांच्या काळातली. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख तिथे आहे. रविवारीसुद्धा तिथे मोजून सात-आठ माणसं असतात. हे वाचून उद्या गर्दी झाली तर शिव्या मला घालू नका.

मी मात्र किल्ल्यावर फारशी जातच नाही. माझं काम जमिनीपासून दोन फुटांच्या आत असतं.

खाली मान, चालू काम

जून ते सप्टेंबर. बुरशीवाल्यांचा सीझन एवढाच. बाकीचे आठ महिने याच चार महिन्यांचा हिशेब पुरा करण्यात जातात. वनखात्याची परवानगी खिशात, पायांत गमबूट, पाठीवर कागदी पिशव्या (प्लॅस्टिकमध्ये नमुना घामेजून कुजतो, हे पहिल्या वर्षी कळलं), चाकू, भिंग, वही.

सागाची पानं उलटून बघा. ऑगस्टनंतर खालच्या बाजूला नारिंगी-पिवळी भुकटी दिसते. बोट फिरवलं तर हळदीत बुडवल्यासारखं होतं. तो सागाचा तांबेरा. पडलेल्या ओंडक्यावर करड्या, केसाळ, छोट्या पंख्यांची रांग असते. ती सुकून कडक होते आणि एका पावसात पुन्हा जिवंत होते. आणि पहिल्या दणक्याच्या पावसानंतर वारुळांवर वर येतात पांढऱ्या छत्र्या. त्यांची स्टोरी सगळ्यात भारी. ही अळंबी वाळवी स्वतः पिकवते. वारुळाच्या पोटात पालापाचोळा चघळून त्याचे वाफे करायचे, त्यावर बुरशी वाढवायची आणि ती खायची. गेली सुमारे 3 कोटी वर्षं. माणसाची शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची. गावातल्या जाणत्या बायकांना वारुळाची अळंबी कोणती आणि विषारी कोणती हे बरोबर कळतं. तुम्हाला आणि मला कळत नाही, तेव्हा मोबाइलवर फोटो जुळवून काहीही तव्यावर टाकू नका. मी पाच वर्षं हेच करतेय, तरी मीही टाकत नाही.

मग सगळं डब्यात भरून शहरातल्या लॅबमध्ये. तिथलं काम म्हणजे स्वयंपाक, फक्त पाहुणे बुरशी. 200 ग्रॅम बटाटे उकळा, ते पाणी गाळा, 20 ग्रॅम साखर, जेली धरायला अगर, एक लिटर करा. ऑटोक्लेव्ह म्हणजे श्रीमंत घरातला कुकर. 121 अंश, 15 पौंड दाब, वीस मिनिटं. काचेच्या ताटल्यांत ओता, नमुन्याचा कण ठेवा आणि वाट बघा. पाच दिवस, सात दिवस. आईला हे समजावल्यावर ती म्हणाली, “घरी एक दिवस बटाटा सोलला नाहीस, आणि तिथे बुरशीला रांधून घालतेस.”

तिसऱ्या वर्षी एका सकाळी कपाट उघडलं तर सगळ्या ताटल्यांमध्ये सगळं उगवलेलं. भिंगाखाली बघितलं तर पांढरे कण चालत होते. माइट्स. डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे, जे बुरशी खातात आणि पायांना बीजाणू लावून एका ताटलीतून दुसरीत फिरतात. चार महिन्यांचं काम गेलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा जॉब पोर्टलवर प्रोफाइल टाकलं. त्यानंतर अधूनमधून अपडेट करतच होते.

श्वासाचा हिशेब

तरी माझा विषय तसा खानदानी आहे. मराठवाडा विद्यापीठात (1994 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) वनस्पतिशास्त्राचे प्रा. एस. टी. टिळक होते. हवेत काय काय तरंगतं याचा अभ्यास म्हणजे एरोबायोलॉजी, आणि भारतात तो रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव वरचं. 1970 मध्ये त्यांनी आणि आर. एल. कुलकर्णींनी हवेतले बीजाणू पकडणारं एक यंत्र प्रसिद्ध केलं. ते आजही ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ओळखलं जातं. आयडिया इतकी साधी की प्रेमात पडावं. आत घड्याळासारखं हळूहळू फिरणारं पिंप, त्यावर व्हॅसलीन फासलेली पारदर्शक चिकटपट्टी. मिनिटाला पाच लिटर हवा आत ओढली जाते आणि पट्टीवर आपटते. सलग आठ दिवस. मग पट्टी कापायची, काचेवर चढवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. मंगळवारी रात्री हवेत कोण होतं, गुरुवारी दुपारी कोण होतं, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

टिळक सरांनी अजिंठा-वेरूळच्या लेण्यांमधली हवाही अभ्यासली, कारण इथे प्रश्न शिंकांचा नव्हता, चित्रांचा होता. अजिंठ्याची चित्रं उघड्या दगडावर नाहीत. माती, भुसा, वनस्पतींचे तंतू असा गिलावा, त्यावर रंग. म्हणजे बुरशीच्या दृष्टीने दीड हजार वर्षं वाढून ठेवलेलं ताट. फक्त ओलाव्याची खोटी. आणि ओलावा कोण आणतं? तुम्ही आणि मी. कोंदट लेण्यात शंभर माणसं श्वास सोडतात, घाम आणतात, बुटांच्या तळाला बाहेरची माती आणतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. (वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचा शोधनिबंध 2016 मध्ये आला, किड्यांना ते आवडत नाहीत म्हणे. अजिंठ्याच्या कारागिरांनी मात्र ती वापरलेली दिसत नाही. आता यावर जोक तुमचे तुम्ही करा.)

वाचवायला गेलेल्यांनीही घोळ घातलेत. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला ते चांगलंच झालं, पण वरून लाखेचं व्हार्निश दिलं, आणि ते पुढे पिवळं पडून रंगांवर चढलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘बिचारे’ एवढंच मनात आलं. चांगल्या मनाने, अर्ध्या माहितीवर केलेलं काम. ते वाक्य नंतर मला फार जवळून भेटणार होतं.

दहिया, गोसावी, काणी

सोयगावात मी काकांच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. पहिल्या आठवड्यात काका मला शेतात घेऊन गेले. मी ‘लीफ स्पॉट’, ‘मिल्ड्यू’ असं पुटपुटत होते. ते म्हणाले, “दहिया म्हण ना.” कपाशीच्या पानावर दह्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके. दहिया! मग त्यांनी यादीच लावली. ज्वारीची काणी. गव्हाचा तांबेरा. तुरीची मर. मुगावरची भुरी. करपा. बाजरीचा गोसावी, म्हणजे कणसाचं झिपऱ्या जटांसारखं होणं. (शास्त्र म्हणतं की गोसाव्याचा कर्ता खरा बुरशीत मोडतच नाही, तो शेवाळांच्या बाजूचा. काकांना सांगितलं. “मग त्याला काय फरक पडतो?” खरंच, बाजरीला काहीच नाही.)

आपल्याकडे शहरात एकच शब्द, बुरशी, आणि तोही नाक मुरडून. इथे तिचं अख्खं खानदान नावानिशी ठाऊक. मी नोट्स काढत होते आणि मनातून जरा खजील झाले होते. माझ्या प्रबंधात या एकाही नावाला जागा नव्हती.

मका

2024 चा ऑक्टोबर. परतीचा पाऊस ऐन काढणीत आला. काकांची कपाशी भिजलीच, पण मक्याची कणसं कापून खळ्यावर पडली होती. घाईघाईने ढीग केला, वर ताडपत्री. चार दिवसांनी ऊन पडलं तेव्हा मी तिथेच होते. नोकरीचं ऑफर लेटर मेलमध्ये येऊन पडलं होतं. पुण्याची कंपनी, मायक्रोबायोलॉजी, क्वालिटी कंट्रोल. फेलोशिपच्या जवळजवळ दुप्पट, आणि ती दर महिन्याला येणारी. उत्तराला दहा दिवसांची मुदत. आईला आनंदाने झोप नाही.

काकूंनी ढिगातून दोन कणसं काढून द्यायला सांगितली म्हणून मी ताडपत्रीखाली हात घातला. आत गरम. माणसाला ताप असावा तसा गरम. वास कोंदट. कणीस सोललं तर टोकाशी दाण्यांच्या फटीत पोपटी-हिरवी भुकटी.

ही भुकटी मी ओळखते. रोज ओळखते. अॅस्परजिलस फ्लेव्हस. हिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, आणि त्या नावातही तिचंच नाव आहे. ‘अ’ आणि ‘फ्ला’. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले आणि कारण शोधता शोधता खाद्यातल्या बुरशीजन्य शेंगदाणा पेंडीपर्यंत लोक पोचले, तेव्हा ते जगाला कळलं. पण आपल्यासाठी महत्त्वाचं साल 1974. राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या दोनशेहून अधिक गावांत काविळीची साथ आली. पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला होता. दुसरं खायला नव्हतं म्हणून. 397 रुग्णांपैकी 106 दगावले. गावातली कुत्रीही मेली. हे विष भाजून-शिजवून पुरतं जात नाही. गाईने खाल्लं तर रूप बदलून दुधात उतरतं. आणि काकांची गाय रोज दोन वेळा मक्याचा भरडा खाते. तिच्या दुधाचा चहा मी पिते. काकांची चार वर्षांची नात पेला भरून दूध पिते.

मी काकांना सांगितलं. किती चांगलं सांगितलं असेन देव जाणे. ते ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे हा ढीग विषारी आहे?”

“तसं नाही. या बुरशीच्या काही जाती विष करतात, काही नाही करत. नुसतं बघून नाही कळत. तपासावं लागतं.”

“मग तपास ना. तू शिकतेयस तेच ना?”

इथे गाडी अडली. मी बीजाणू ओळखते, मोजते. विष मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, तो माझा विषयही नाही. मी ताटल्या लावल्या, चौथ्या दिवशी पोपटी गालिचे उगवले, ते काकांना नेऊन दाखवले. आणि एक किलो दाणे पुण्याच्या एका लॅबला पाठवले, स्वतःच्या पैशांनी. दहा-बारा दिवस लागतील म्हणाले.

तोपर्यंत काय करायचं? मी पुस्तकातलं सांगितलं. निवडा, वाळवा, वेगळं करा. सगळ्या घराने दोन दिवस बसून कणसं निवडली. मीही होते. हिरवी दिसली की बाजूला. वाईट कणसांचं एक पोतं काकांनी उकिरड्यात पुरलं. रिपोर्टची वाट पाहिली नाही, त्यांना ताटली पुरेशी होती. गाईला महिनाभर सरकी पेंड विकत आणली. निवडलेला मका स्वच्छ, टपोरा दिसत होता. तो वाळवून, मळून व्यापाऱ्याला गेला, थोडा घरी ठेवला. खरं सांगू, मला तेव्हा स्वतःचा जबरदस्त अभिमान वाटला होता. त्या रात्री मी पुण्याच्या कंपनीला ‘जानेवारीपर्यंत थांबाल का’ असा मेल टाकला.

रिपोर्ट बाराव्या दिवशी आला. मी दोन पिशव्या पाठवल्या होत्या, एक हिरव्या कणसांतली, दुसरी निवडलेल्या ढिगातली. अन्नधान्यासाठी कायद्याची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम. पहिली पिशवी मर्यादेच्या खूप वर. दुसरीही वर. थोडी, पण वर.

बुरशी दाण्याच्या आतही असते. वरून काही दिसत नाही. हे मला पाठ होतं, परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं. तरी निवडताना मी डोळ्यांवर विश्वास ठेवला होता आणि सगळ्या घराला ठेवायला लावला होता. लाखेचं व्हार्निश!

दोन दिवस मी रिपोर्ट घेऊन शहरातच बसले. सांगितलं नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. व्यापाऱ्याचा मका कुठल्या कुठे गेला असेल. पण घरी ठेवलेला होता ना, आणि त्याच्या भाकरी होत होत्या. तिसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडली.

काका ओट्यावर होते. रिपोर्ट इंग्रजीत, तो मी वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे हे डोळ्याला दिसतच नाही.”

“नाही.”

“नाकाला?”

“नेहमी नाही.”

“मग आम्ही बघावं काय?”

आत काकूंनी ऐकलं असावं. त्या काही न बोलता उठल्या आणि घरचा मका कोठीतून बाहेर ओढायला लागल्या. मी मदतीला गेले. “बस वं माय,” म्हणाल्या, “गाडीतून आलीस, चहा तर घे.” त्या दिवशी चहा बिनदुधाचा होता.

जायचंच असेल तर

इतकं वाचून तुम्हाला इथे यावंसं वाटत असेल तर तुम्ही माझ्यासारखेच आहात. संभाजीनगरहून अजिंठ्याची लेणी साधारण शंभर किलोमीटर, जळगावहून साठच्या आसपास. सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरून दर सोमवारी कुणीतरी गेटवर उभं असतंच. लेणं एक, दोन, सोळा, सतरा बघा, पण आत गर्दी असेल तर बाहेर वाघूरच्या काठावर पाच मिनिटं थांबा. चित्रांना तुमच्या श्वासाची गरज नाही. मग परत न फिरता सोयगावला या. वेताळवाडी करायची तर पावसाळा संपता संपता, गवत वाढलेलं असतं म्हणून पूर्ण पँट आणि चांगले बूट घालून. आणि सागाची पानं उलटून बघायला विसरू नका.

पुण्याची ती नोकरी जानेवारीपर्यंत थांबली नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं, त्यांचंही बरोबर आहे. आईने तीन दिवस अबोला धरला. गाइड म्हणाले, या टप्प्यावर नवं प्रकरण जोडू नकोस, प्रबंध लांबेल. ते शंभर टक्के खरं आहे. तरी शेवटच्या परिशिष्टात आठ पानं मक्याची आहेत, आणि त्यात दहिया, काणी, गोसावी ही नावं देवनागरीत आहेत.

काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. विष दिसत नाही, पण ओल ओळखता येते, आणि ओलीशिवाय ही बाई फारशी वाढत नाही. कोरडी काचेची बरणी घ्यायची, त्यात कोरडं मीठ आणि मक्याचे दाणे टाकायचे, झाकण लावून मिनिट-दोन मिनिटं हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर, कोठीत भरायचं नाही. चिकटलं नाही तर चालेल. बस्स, इतकंच. यंत्र नाही, रिपोर्ट नाही.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने काय केलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच. काकांचा मका उरला तो निम्मा. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा तो खळ्यावर वाळत होता, या वेळी ढीग नव्हता, पातळ पसरलेला. ओट्यावर लोणच्याची रिकामी बरणी. काका ती कानाशी धरून खुळखुळ्यासारखी हलवत होते, नात शेजारी उभी राहून आकडे मोजत होती. साठला थांबले. बरणी उन्हाकडे धरली. काचेच्या आतून पांढरा धुरकट थर.

“अजून दोन दिवस,” काका म्हणाले, आणि झाकण उघडून दाणे परत उन्हात टाकले.